रुळावरची हाक, हापशावरचं उत्तर

सोपानमामा नसते तर चौथीनंतर मी शेळ्यांमागे गेलो असतो. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीलाच संपत होती. आईने मला एका पिशवीत कपडे भरून दिले आणि तिच्या भावाकडे, कुर्डुवाडीच्या अलीकडे रुळांच्या कडेला असलेल्या गँगचाळीत, नेऊन सोडलं. मामा रेल्वेत गँगमन होते, पुढे गँगचे मुकादम झाले. मामा-मामीला मूल नव्हतं. एका खोलीच्या त्या घरात राहून मी दहावी झालो, बारावी झालो, बार्शीला जाऊन-येऊन बी. ए., मग बी. एड. केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आज मी बार्शीत एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. पुण्याचा हा प्रवास मी मामांच्या गाण्यासाठी केला, म्हणून आधी त्यांचं नाव.

गँगचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उन्हाने आणि गाड्यांच्या वजनाने रूळ जागचे हलतात. आता ते सरळ करायला मोठं यंत्र येतं. मामांच्या वेळी माणसं ओळीने उभी राहायची, पहारी रुळाखाली घालायची आणि एकदम जोर लावायची. एकाचा जोर आधी आणि दुसऱ्याचा नंतर झाला तर रूळ तसूभर हलत नाही. तो क्षण सगळ्यांना एकाच वेळी कळावा म्हणून गाणं. मुकादम ओळ टाकणार आणि गँग ‘हय्या’ म्हणत पहारी दाबणार.

मामा ओळी जागच्या जागी रचायचे. त्यांत येणारी-जाणारी गाडी असायची, खिडकीत बसलेली माणसं असायची आणि घरची बायको असायची. चाळ रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. चाळीच्या हापशावर बायका पाणी भरत, भांडी घासत बसलेल्या असत. मामांची ओळ कानावर आली की मामी तिकडून गाण्यातच उत्तर द्यायची. एरवी चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून न बोलणारी ही बाई हापशावरून काय वाटेल ते बोलायची, आणि त्याला कुणी नावं ठेवत नसे. मामा म्हणायचे,

मेल निघाली झोकात, खिडकीत बसली राणी
मला बघून हसली, विसरलो मी गाणी

आणि हापशावरून यायचं,

राणी उतरंल धनी, आलं की तिचं ठेसन
तुमच्या ताटात हाय माझ्या हातचं बेसन

मग गँग इतकी हसायची, की रूळ तिथंच राहायचा.

मामी गेली आणि मामांचं गाणं थांबलं. नोकरीही संपलीच होती; चाळ सोडून मामा आता कुर्डुवाडीतच एका लहान घरात राहतात. गेल्या दिवाळीत एका अंकात मी या गाण्यांवर एक लहान लेख लिहिला. तो वाचून पुण्याहून नीलिमाताईंचा फोन आला. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत, वडील रेल्वेत गार्ड होते. कर्वेनगरात त्या आणि त्यांची मित्रमंडळी दरवर्षी फक्त आगगाडीच्या गाण्यांची एक संध्याकाळ करतात. ‘‘आपल्या मामांना घेऊन या,’’ त्या म्हणाल्या.

मामांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाले, ‘‘अर्धं गाणं घिऊन पुण्याला जाऊ व्हय? हाक मारायची आन् उत्तराची वाट बघत उभं ऱ्हायचं? लोक म्हणतील, म्हातारं खुळावलंय.’’

‘‘मामीची उत्तरं आणखी कुणाला येतात?’’

‘‘शेवंताला येत आसतील. हापशावर दोघी संगंच आसायच्या. पर ती आता पुण्यात. इसरली आसंल.’’

शेवंताकाकू म्हणजे चाळीतल्या शेजारणी. मुलाला नोकरी लागल्यावर त्या येरवड्याला गेल्या. मामा ‘इसरली आसंल’ म्हणाले खरे, पण तंबाखू मळायचे थांबले होते. मामीची उत्तरं मिळाली तर मामा पुन्हा उभे राहतील, असं मला वाटलं. मी रजेचा अर्ज दिला.

शुक्रवार: कुर्डुवाडी ते कर्वेनगर

गाडीत खिडकी मिळाली. जेऊर गेलं, केळीच्या बागा आणि ऊस मागे पडला. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसू लागलं आणि डब्यातली माणसं उठून त्या बाजूला आली. समोर डाळिंबाची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, ‘‘पुण्याला काय काम काढलं?’’

‘‘गाडीची गाणी गोळा करायला चाललोय.’’

‘‘गाडीची गाणी? आमच्याकडं गाडीला नुसत्या शिव्या हायत्या. त्या पायजेत का?’’

एका वळणावर गाडी हळू झाली. रुळाकडेला नारंगी जाकिटं घातलेली गँग हत्यारं घेऊन बाजूला उभी होती. लहानपणापासून मी त्यांच्या बाजूने गाडीकडे पाहत आलो. त्या दिवशी गाडीतून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने सहज हात केला. मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून हलवले, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘ओळखीचा हाय का?’’ मी ‘हो’ म्हटलं. ते खोटं आहे असं मला वाटलं नाही.

पुण्यात उतरल्यावर कर्वेनगरची बस समजून मी भलत्याच बसमध्ये चढलो आणि सिंहगड रस्त्यावरून परत फिरावं लागलं. नीलिमाताईंच्या दारात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

‘‘आपण साडेपाचला येणार होतात.’’

‘‘बस चुकली, ताई.’’

‘‘बस चुकत नाही. आत या.’’

आत पाच-सहा मंडळी, पेटी, तबला. चहा आला. आमच्याकडे एवढ्याशा कपात पाहुण्याला चहा दिला तर तो गावभर सांगत सुटेल. पण इथे तो लगेच दुसऱ्यांदा आला, म्हणजे हिशेब तोच. मी कुर्डुवाडीचा म्हटल्यावर तबल्यावर बसलेले काका म्हणाले, ‘‘कुर्डुवाडी! मी त्या स्टेशनवर एक अख्खी रात्र काढली आहे. डास सोडले तर कुणी गायलं नाही.’’

मग त्यांनी गाणी म्हटली. एक होतं नव्या नवरीचं. गाडी सुटते, फलाटावरचे वडील लहान होत जातात आणि ती डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलते. एक होतं दोघांचं. रोज एकाच डब्यातून जाणारी ती दोघं, आणि ज्या दिवशी बोलायचं ठरवलं त्या दिवशी तिचं स्टेशन आधी येतं. नीलिमाताईंनी स्वतः रचलेलं एक गाणं गार्डच्या हिरव्या कंदिलावर होतं. लहानपणी तो कंदील दूर जाताना पाहून झोपायची सवय लागलेल्या मुलीचं. त्या गाताना डोळे मिटून घेत होत्या आणि मघाच्या बाई त्या ह्याच, हे विसरायला झालं. मी इतक्या जवळून शिकलेल्या गळ्याची गाणी कधी ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. त्यांची सगळी गाणी गाडीत बसलेल्याची किंवा फलाटावर निरोप द्यायला आलेल्याची. त्यांच्या गाण्यात कुणीतरी जातं आणि कुणीतरी मागे राहतं. मामांच्या गाण्यात गाडी येते आणि जाते, पण मामा आणि मामी जागच्या जागी असतात, दोघांच्या मधून ती धडधडत जाते एवढंच. मी हे भीतभीत बोलून दाखवलं.

तबलावाले काका म्हणाले, ‘‘मग हे आमच्याकडे नाहीच.’’ एवढंच. पण त्यांनी तबल्यावरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळून बसले.

निघताना नीलिमाताईंनी सांगितलं, ‘‘कार्यक्रमपत्रिका रविवारी छापायला जाते. सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा. ‘बघतो’ हे उत्तर आम्ही धरत नाही.’’

शनिवार: येरवडा

हडपसरला एका वर्गमित्राकडे मुक्काम केला. तिथून सकाळी निघालो.

येरवड्यात बसमधून उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, ‘‘जेलच्या बाजूला जायचंय.’’

‘‘बाजूलाच ना? आत जायचं असेल तर माझी गरज नाही, ते स्वतःची गाडी पाठवतात.’’

काकूंचा पत्ता म्हणजे ‘विहारामागची गल्ली’ एवढाच होता. एक विहार सापडला, त्याच्यामागे गल्लीच नव्हती. दुसऱ्या विहारात फरशी पुसणाऱ्या बाईंना कुर्डुवाडीकडच्या शेवंताबाई म्हणून विचारलं. ‘‘बोलक्या का?’’ त्या म्हणाल्या. मी मान हलवली. ‘‘मग ह्याच. वर बघा.’’ दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून शेवंताकाकू भाजीवाल्याशी भांडत होत्या.

‘‘जय भीम, काकू.’’

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. ‘‘सोपानभावजींच्या घरातला अनिल न्हवं का तू? आरं, हापशाखाली आंघोळ घालायची आमी तुला. मास्तर झालास म्हणं. वर ये.’’

घरात त्या आणि त्यांची नात स्नेहल. मुलगा कामावर गेलेला. स्नेहल हडपसरच्या बाजूला आयटीत आहे, सुट्टी असल्याने घरी होती. ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कच्चा कांदा समोर आला. जेवणं झाल्यावर मी कामाचं बोललो. मामांनी काय म्हटलं तेही सांगितलं.

‘‘सोपानभावजी गात न्हाईत?’’

‘‘नाही.’’

‘‘किती वंगाळ.’’ त्या पदराने हात पुसून भिंतीला टेकून बसल्या. ‘‘इचार. काय काय आठवतंय बघू.’’

मी समोर मांडी घालून बसलो. स्नेहलने फोन काढला. ‘‘आजी, रेकॉर्ड करते हं. नॉर्मल बोल, टेन्शन घेऊ नको.’’

मी मामांची ओळ म्हटली. काकूंनी तोंड उघडलं, मिटलं. ‘राणी उतरंल धनी’ एवढं कसंबसं आलं, तेही वर्गात उभं करून विचारल्यासारखं. मी दुसरी ओळ टाकली. काहीच नाही. तिसरी टाकली.

‘‘न्हाई रं बाबा. गेलं सगळं. म्हातारी झाले म्या.’’

मामांना काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात घुमू लागलं. मी उगाच पाण्याचा तांब्या उचलून पाणी प्यायलो. स्नेहलने फोन बाजूला ठेवला आणि विषय बदलावा म्हणून म्हणाली, ‘‘जाऊ दे आजी. कपडे धुऊन पडलेत, टेरेसवर टाकायचेत.’’

मी बादली उचलली. गच्चीवर काकूंनी पहिली साडी पिळली आणि झटकली. आणि झटकता झटकता माझ्याकडे पाहून त्यांना हसू फुटलं.

‘‘आरं, आपुन दोघंबी खुळी! तू माझ्या म्होरं बसलास तर उत्तर कसं येईल? धन्याच्या तोंडाकडं बघून कुणी आसं बोलतं व्हय? ते लांबनं आसतंय. हातात काम आसतंय. तोंड दिसाया नगं.’’ त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं. ‘‘त्या गच्चीवर जा. तिथनं हाक मार. आन् माझ्याकडं बघू नगंस.’’

समोरच्या इमारतीतल्या लोकांना काय सांगून गच्चीची किल्ली मिळवली हे स्नेहललाच माहीत. मी तिथे पाठमोरा उभा राहिलो. हातात पहार नव्हती, म्हणून कठडा धरला. मग मामांसारखी मान खाली घातली आणि ओरडलो,

गाडी निघाली पुण्याला, डबे मोजितो सारे गं
माझ्या डोईवर ऊन, तुझ्या पदराचे वारे गं

‘‘हय्या!’’ हा आवाज खालून आला. शेजारच्या इमारतीला परांची बांधून रंगारी काम करत होते. ते बिहारकडचे होते. मराठी ओळ त्यांना कळली नसणार, पण जोर कुठे लावायचा ते बरोबर कळलं. आणि मागून, ओल्या साडीच्या झटक्याबरोबर, आलं,

डबे मोजू नका धनी, ध्यान रुळावरी ठेवा
भाकर निवतीया माझी, पाय घराला लावा

मी वळणार होतो, पण वळलो नाही. मी ओळ टाकत गेलो आणि उत्तरं येत गेली. काही मी कधीच ऐकली नव्हती, कारण त्या वेळी मी शाळेत असायचो. ‘हय्या’ला आता रंगाऱ्यांबरोबर स्नेहलही होती. खिडक्यांतून लोक डोकावू लागले. एका गृहस्थांनी वर पाहून विचारलं, ‘‘काय हो शेवंताबाई, प्रचार सुरू झाला का?’’

‘‘व्हय, म्याच उभी हाय. मत दे!’’

मग मी दोन रुळांची ओळ टाकली:

दोन रूळ धावती, शेजारी शेजारी
जवळ असून गाठ न्हाई, ही गं कसली बेजारी

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटली. रंगाऱ्यांनी ‘हय्या’ दिला. मागे शांत. शेवटी मी वळलो. काकू दोरीला धरून उभ्या होत्या आणि मला हाताने बोलावत होत्या.

मी परत त्यांच्या गच्चीवर गेलो. ‘‘काकू, मी उगाच टाकून पाहिली, या ओळीला उत्तर नाही. मामा म्हणतात, ह्याला मामीने कधीच उत्तर दिलं नाही.’’

‘‘दिलं हुतं. म्या शेजारी हुते की.’’ त्या कपड्यांकडे पाहत बोलत होत्या. ‘‘तुला आणून सोडलं त्या साली. एक खोली, आन् तुमी तिघं. तू दिवा लावून अभ्यासाला बसायचास, आन् भावजी भाईर वसरीवर निजायचे. मग मानूस आसं गाणं म्हणंल न्हाई तर काय करंल? समदी गँग हसली. तुझ्या मामीनं, अनुसयानं, उत्तर दिलं आन् नेमकी मालगाडी मधी आली. लांबलचक. ती गेली तवर तिचं म्हणून झालं हुतं. भावजींनी कानाला हात लावून इचारलं, काय म्हणालीस? ही नुसती हसली.’’

‘‘परत का नाही म्हणाली?’’

‘‘म्या बी इचारलं. म्हणाली, उत्तर एकदाच द्यायचं आसतंय. दुसऱ्यांदा दिलं की त्यो उपदेस हुतो.’’

मग त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, शेवटचा टॉवेल पिळला आणि ते उत्तर त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं. स्नेहलने फोन काढला नाही.

रविवार: पुन्हा कर्वेनगर

या वेळी मी वेळेच्या आधी पोचलो. नीलिमाताईंनी घड्याळ पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

‘‘शेवंताकाकू येणार आहेत,’’ मी सांगितलं. ‘‘त्या स्टेजवर चढणार नाहीत. मागे दाराशी उभ्या राहतील आणि हातात काहीतरी काम लागेल.’’

‘‘आमच्या सभागृहात मागे उभं राहायला परवानगी नसते.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी असेल. आणि मामा?’’

‘बघतो’ म्हणायचं नाही, हे माझ्या ध्यानात होतं. ‘‘पत्र लिहिणार आहे. त्यांच्या नावाची जागा ठेवाल का?’’

‘‘रिकाम्या जागेलाही छपाई तेवढीच पडते.’’ त्यांनी पत्रिकेचा कागद पुढे ओढला आणि काकूंच्या नावाच्या वर एक ओळ कोरी सोडली. ‘‘पत्र सविस्तर लिहा. आणि पोहे खाऊन जा.’’

पोह्यांवर फरसाण नव्हतं, लिंबू आणि ओलं खोबरं होतं. आमच्याकडे असे पोहे आजाऱ्याला देतात. मी दोनदा घेतले.

पत्र मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. फोन करता आला असता, पण फोनवर मामा ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतात. पत्र मात्र ते ओसरीवर बसून, बोट फिरवत, पुन्हा पुन्हा वाचतात. वाचायला ते चाळीतच शिकले, माझ्याच पाचवीच्या पुस्तकांवरून. आता मी बार्शीला परत आलो आहे. उत्तर अजून आलेलं नाही. जे लिहिलं ते असं:

आदरणीय मामांस,

सविनय जय भीम.

मी पुण्यात सुखरूप आहे. जेवणाची आबाळ नाही. हे पत्र सावकाश वाचा आणि शेजारी कुणाला वाचायला देऊ नका.

शेवंताकाकू भेटल्या. त्या काही विसरलेल्या नाहीत. मामीची उत्तरं त्यांना येतात. फक्त समोर बसून विचारलं की येत नाहीत. तुम्हाला हे आधीच माहीत असणार, मला कळायला दुपार झाली.

मामा, दोन रुळांच्या ओळीला मामीने उत्तर दिलं होतं. त्याच वेळी मधून मालगाडी गेली. गाडी गेल्यावर तुम्ही कानाला हात लावलात आणि ती हसली, ते तुम्हाला आठवत असेल. ती असं म्हणाली होती:

रुळाला रूळ भेटला, तर गाडी जाईल कुठं?
तुम्ही तिकडं, मी इकडं, लेकरू जाऊ दे पुढं

तुम्ही ओसरीवर का झोपायचात हे मी कधी विचारलं नाही. उकडत असेल असं वाटायचं. थंडीतही तसंच वाटायचं, एवढा मी पुस्तकात असायचो.

कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे, काकू येणार आहेत. त्या मागे दाराशी उभ्या राहतील, तुम्हाला दिसणार नाहीत. तुम्हीही त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. इथली माणसं बोलायला थोडी तिखट आहेत, पण ऐकताना हातातलं काम खाली ठेवून ऐकतात.

मी शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. यायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा, मी आग्रह करणार नाही. यायचं असेल तर ओळ तुम्ही टाका. जोर लावायला मी आहे.

तुमचा,
अनिल